ट्राउटच्या ओढ्यांसाठी आपणही बोलायला हवं: आग्नेय मिनेसोटातल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

रॉचेस्टर, विनोना, ऑस्टिन, नदीपलीकडचं ला क्रॉस आणि वीकेंडला इकडे फिरायला येणारे ट्विन सिटीजवाले, तुम्हा सगळ्यांना उद्देशून लिहितोय, आणि आपल्या मराठी मंडळांच्या कमिट्यांनाही. पत्र जरा लांब झालंय, पण विषय आपल्या घरातल्या नळापर्यंत येतो म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

विषय आहे आपल्या भागातल्या ट्राउट माशांच्या ओढ्यांचा. व्हाइटवॉटर स्टेट पार्कला आपण सगळे जातो, लेन्सबरोला फॉल कलर्स बघायला आणि सायकली चालवायला जातो, तिथे पुलावरून खाली बघितलं की काचेसारखं पाणी वाहताना दिसतं आणि मुलं विचारतात की यात मासे आहेत का. आहेत. आणि ते मासे का आहेत, कसे परत आले आणि आता पुन्हा का धोक्यात आहेत हे आपल्यातल्या फारच थोड्या लोकांना माहिती आहे. इथे पंधरा-पंधरा वीस-वीस वर्षं राहिलेल्या घरांतही या विषयावर एक वाक्य बोललं जात नाही, हे मला मनापासून खटकतं.

आधी थोडं ओढ्यांबद्दल. आपण राहतो त्या भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात. आग्नेय मिनेसोटा, नैऋत्य विस्कॉन्सिन, ईशान्य आयोवा आणि इलिनॉयचा एक कोपरा. शेवटच्या हिमयुगात बर्फाचे थर आजूबाजूचा प्रदेश सपाट करून गेले पण या पट्ट्यातून गेले नाहीत, म्हणून इथे दऱ्या आहेत, कडे आहेत, बाकी मिडवेस्टसारखं सपाट नाहीये. खाली सगळा चुनखडीचा आणि वाळूचा खडक. पाऊस आणि वितळलेला बर्फ मातीतून झिरपत चुनखडीच्या भेगांमध्ये शिरतो, खाली बऱ्याच वाटा फिरतो आणि कुठेतरी टेकडीच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतो. त्या पाण्याचं तापमान बारा महिने साधारण ४८ अंश फॅरेनहाइट, म्हणजे नऊ अंश सेल्सियसच्या आसपास. जानेवारीत बाहेर उणे वीस असताना हे ओढे गोठत नाहीत, वर वाफ दिसते, आणि जुलैच्या उकाड्यात पाण्यात पाय घातला की दोन मिनिटांत बधिर होतो. ट्राउटला नेमकं हेच लागतं, पाणी सत्तर अंश फॅरेनहाइटच्या वर जायला लागलं की त्याला त्रास सुरू होतो. शिवाय चुनखडीतून आलेल्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, त्यामुळे पाणवनस्पती दाट, त्यात बारीक कोळंबीसारखे जीव आणि मेफ्लाय या पाणकिड्याच्या अळ्या खच्चून भरलेल्या, म्हणजे माशाला खायला वर्षभर.

एवढं सगळं निसर्गाने दिलेलं असताना हे ओढे शंभर वर्षांपूर्वी जवळजवळ मेले होते, ते कसे ते बघा. १८५० नंतर इथे वस्ती झाली, लोकांनी उतारच्या उतार नांगरून गहू लावला, आणि जिथे नांगर चालत नव्हता त्या जंगलात गुरं सोडली. उघड्या उतारावरची माती प्रत्येक पावसात खाली येत गेली. दऱ्यांमध्ये गाळ साठत साठत काही ठिकाणी माणसाच्या उंचीपेक्षा जास्त थर झाला. व्हाइटवॉटरच्या दरीत बीव्हर नावाचं गाव होतं, ते पुराच्या गाळात बुडत गेलं आणि शेवटी लोक सोडून गेले, १९३८ या एका वर्षात ती नदी २८ वेळा काठ सोडून बाहेर आली होती. आपण जिथे पिकनिकला डबे उघडतो त्याच दरीची ही गोष्ट आहे. ब्रूक ट्राउट हा इथला मूळचा मासा बहुतेक ओढ्यांतून गेला. कारण ट्राउट खडीत अंडी घालतो, खडीच्या फटीतून गार पाणी खेळत राहिलं तरच अंडी जगतात, आणि वर गाळ बसला की ती आतल्या आत गुदमरतात. मग युरोपातून आणलेला ब्राउन ट्राउट सोडला गेला, जो थोडं गरम आणि थोडं खराब पाणी सहन करतो. आज गळाला लागतो तो बहुतेक वेळा हाच.

आता सुधारणेची गोष्ट. ला क्रॉसहून हायवे १४ ने आग्नेयेला गेलात की कून व्हॅली लागतं. १९३३ मध्ये अमेरिकेतला पहिला पाणलोट सुधारणेचा सरकारी प्रकल्प इथे सुरू झाला. ह्यू हॅमंड बेनेट हे केंद्राच्या मृदसंधारण खात्याचे प्रमुख होते, वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड सल्लागार होते, कामाला सीसीसी या सरकारी रोजगार योजनेतली तरुण पोरं होती, आणि मुख्य म्हणजे चारशेच्या वर शेतकऱ्यांनी करार करून त्यात भाग घेतला. केलं काय? उतारावर वरून खाली नांगरणं बंद करून समतल रेषेत आडवे पट्टे पाडले, एक पट्टा मका, एक ओट, एक गवत. जास्त उताराच्या जागा झाडांना सोडल्या, जंगलात गुरं जाणं बंद केलं, घळी बांधून घेतल्या. आजही तिथल्या टेकड्यांवर ते वळणदार पट्टे दिसतात, बघण्यासारखे आहेत, पुढच्या वेळी ला क्रॉसला गेलात की मुद्दाम जाऊन या. आपल्याकडे हिवरे बाजारला जे झालं, समतल चर, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, त्याच्या पन्नास-साठ वर्षं आधीचं हे काम, आणि तत्त्व तेच, माथा ते पायथा. माथ्यावर पाणी अडलं, मुरलं, की पायथ्याचा झरा आपोआप जिवंत होतो. कून क्रीकमध्ये येणारा गाळ पुढच्या काही दशकांत प्रचंड कमी झाला हे मोजून सिद्ध झालंय, आणि झऱ्यांचं पाणी वाढलं तसा ट्राउटही परत आला.

पण जुना गाळ दरीत पडून आहेच. ओढा आता त्याच गाळातून कापत जातो, त्यामुळे दोन्ही बाजूला मातीच्या उभ्या डगरी उभ्या राहतात, पूर आला की पाणी काठाबाहेर पसरू शकत नाही, डगर ढासळते, ओढा रुंद आणि उथळ होतो, उन्हाने तापतो आणि खडी परत गाळाने भरते. म्हणून डीएनआर (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं), ट्राउटसाठी काम करणारी ट्राउट अनलिमिटेड ही संस्था, काउंट्यांची सॉइल अँड वॉटरची (माती-पाणी संवर्धनाची) ऑफिसं आणि जमिनीचे मालक मिळून जे काम करतात त्यात पोकलेन लावून डगर तासतात, तिरका उतार देतात, तळाशी दगड लावतात, पात्र अरुंद आणि खोल करतात, गवत पेरतात. काही ठिकाणी काठाखाली लाकडी फळ्यांचे कप्पे बसवून वर माती-दगड टाकतात, म्हणजे माशाला सावलीत लपायला जागा होते. असा सुधारलेला ओढा आणि त्याच्या वरचा न सुधारलेला तुकडा शेजारी शेजारी उभं राहून बघितलात तर वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

आणि याला पैसे कोण देतं? तुम्ही आणि मी. २००८ मध्ये मिनेसोटाच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून सेल्स टॅक्स एका टक्क्याच्या तीन अष्टमांशाने वाढवून घेतला, तो पैसा स्वच्छ पाणी, वन्यजीवांचे अधिवास, पार्क आणि कला यासाठीच वापरायचा. म्हणजे मिनेसोटात राहून फोन घेतलात, फर्निचर घेतलंत, बाहेर जेवलात, की या कामाला तुमचा हातभार लागला. सिटिझन असो नाहीतर एच-वन-बीवर असो, टॅक्स सगळेच भरतात. ही तरतूद २०३४ पर्यंतच आहे, पुढे काय हे मतदारांना ठरवावं लागणार आहे. तेव्हा 'आपला काय संबंध' हा प्रश्न कृपया विचारू नका, संबंध पावतीवर छापलेला असतो.

इथपर्यंतची गोष्ट चांगली आहे. यापुढची गोष्ट सांगायला हे पत्र लिहायला घेतलं.

ओढ्याचा काठ सुधारून पाणी सुधारत नाही. पाणी येतं वरच्या शेतांमधून, आणि वरची शेतं बदलली आहेत. पूर्वी या टेकड्यांवर छोट्या छोट्या डेअऱ्या होत्या, प्रत्येकाकडे तीस-चाळीस गाई, त्यांना चारा लागायचा म्हणून लसूणघास, ओट, कुरण, म्हणजे वर्षभर जमिनीत जिवंत मुळं. दुधाच्या भावात त्या छोट्या डेअऱ्या टिकल्या नाहीत. गाई गेल्या, गाईंबरोबर लसूणघास गेला आणि त्या जागी मका-सोयाबीन आलं. मक्याला नायट्रोजन भरपूर लागतो आणि पीक जमिनीत उभं असतं वर्षातले जेमतेम चार-पाच महिने. बाकीच्या वेळी उघड्या जमिनीतला नायट्रेट पावसाबरोबर सरळ खाली. दुसरीकडे राहिलेल्या डेअऱ्या मोठमोठ्या झाल्या, तिथली स्लरी, म्हणजे पातळ शेण, टाकायला जमीन तेवढीच. आणि खाली चुनखडी! जिथे जाड मातीचा थर असतो तिथे पाणी गाळून जातं तरी, इथे काही ठिकाणी माती दोन-तीन फूट आणि त्याखाली सरळ भेगा. फिलमोर काउंटीत तर शेताच्या मधोमध जमीन खचून पडलेले सिंकहोल हजारोंनी आहेत, त्यात वाहून गेलेलं पाणी कधी कधी एक-दोन दिवसांत झऱ्यातून बाहेर येतं.

२०२२ च्या जुलैत विनोना काउंटीत लुईस्टनजवळ रश क्रीकमध्ये अडीच हजारांच्या आसपास मासे मेले. जोरदार पाऊस झाला, आसपासच्या शेतांत टाकलेलं शेणखत आणि फवारलेली औषधं पाण्याबरोबर ओढ्यात आली, आणि बहुधा त्यानेच हे घडलं असं सरकारी तपासात निघालं. त्या आधीच्या काही वर्षांतही या भागात असे प्रकार झाले होते. वर्षानुवर्षं खपून तयार केलेला अधिवास एका पावसात रिकामा होऊ शकतो. आपल्याकडे जलयुक्त शिवारात काही ठिकाणी नुसतं नाला खोलीकरण झालं, फोटो चांगले आले, पण माथ्यावरचं काम झालंच नाही आणि जाणकार लोक तेव्हाच ओरडून सांगत होते. इथेही धोका तोच आहे.

आता नळाकडे येतो. ट्राउटच्या ओढ्यातलं पाणी आणि आपल्या बोअरचं पाणी ही दोन वेगळी पाणी नाहीत. तोच पाऊस, तीच शेतं, त्याच भेगा. एप्रिल २०२३ मध्ये काही संस्थांनी ईपीएकडे, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, अर्ज केला आणि ३ नोव्हेंबर २०२३ ला ईपीएने राज्याच्या आरोग्य, शेती आणि प्रदूषण नियंत्रण या तीन खात्यांना पत्र लिहून सांगितलं की डॉज, फिलमोर, गुडह्यू, ह्यूस्टन, मॉवर, ऑल्मस्टेड, वबाशा आणि विनोना या आठ काउंट्यांमध्ये पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटवर तातडीने काम करा. रॉचेस्टर ऑल्मस्टेडमध्येच येतं. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा आहे लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन, आणि या आठ काउंट्यांत त्या मर्यादेच्या वरचं पाणी पिण्याचा धोका असलेली माणसं नऊ हजारांवर आहेत असा ईपीएचा अंदाज होता. सगळ्यात जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना, ज्यांना त्या पाण्यात कालवून फॉर्म्युला दिला जातो, रक्तातून ऑक्सिजन नीट वाहून नेला जात नाही आणि बाळ निळं पडतं.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, कारण ती आपल्या घरांमध्ये हमखास होते. आपल्याला लहानपणापासून सवय आहे, पाण्याची शंका आली की उकळून घ्यायचं. बाळासाठी तर आजी पातेलंभर पाणी वीस मिनिटं उकळवते. नायट्रेट उकळून जात नाही! उलट पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. फ्रिजमध्ये ठेवायचे जे साधे कार्बन फिल्टरवाले जग मिळतात त्यांनीही तो जात नाही, आरओ लागतो. शहराच्या नळाचं पाणी नियमाने तपासलं जातं, तिथे राहणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही, पण गेल्या काही वर्षांत आपल्यातल्या बऱ्याच लोकांनी गावाबाहेर मोठ्या प्लॉटवर घरं घेतली आहेत आणि तिथे स्वतःची बोअर आहे. ती तपासायची जबाबदारी घरमालकाची असते, कोणीही आपणहून तपासायला येत नाही. घर घेताना एकदा रिपोर्ट बघितला म्हणजे झालं असं नाही, दरवर्षी तपासा. काउंटीच्या ऑफिसला फोन केला की कुठे आणि कसं ते सांगतात.

आणि मजेत नाही, खरंच सांगतो, मासा आपल्यापेक्षा नाजूक आहे. २०२२ मध्ये राज्याच्या प्रदूषण नियंत्रण एजन्सीने थंड पाण्यातल्या जीवांसाठी मसुद्यात जो आकडा मांडला तो ५ मिलिग्रॅमचा होता, म्हणजे आपल्या पिण्याच्या मर्यादेच्या निम्मा. म्हणजे पाण्यात नायट्रेट वाढायला लागला की तो मासा आपल्यालाही इशारा देत असतो, पण बोअरची तपासणी मात्र त्याच्या भरवशावर सोडू नका. म्हणून मी म्हणतो की मासेमारी करत नसाल, मासे खात नसाल, तरी ट्राउट तुमचाच आहे.

शेतकऱ्यांबद्दल मात्र एक विनंती. हे वाचून कोणी 'हे शेतकरी पाणी नासवतात' असं कृपया बोलू नका. आपल्यातल्या कितीतरी जणांचे काका-मामा अजून गावाकडे शेती करतात. सोलापूरच्या शेतकऱ्याला ऊस नको लावू, पाणी फार लागतं, एवढं सांगून भागत नाही, दुसऱ्या पिकाला भाव आणि खरेदीची खात्री नसेल तर तो ऊसच लावणार. इथे मक्याचं तेच आहे, पीकविमा मक्याला, इथेनॉलचे कारखाने मक्याला, कर्ज देणारी बँकही मकाच धरून हिशोब करते. तरी या भागात असे शेतकरी आहेत जे मका काढल्यावर लगेच राय हे गव्हासारखं धान्य पेरतात म्हणजे हिवाळ्यात जमीन उघडी राहत नाही, नायट्रोजन एकदम न देता थोडा थोडा देतात, काठावर गुरं फिरवून फिरवून चारतात म्हणजे गवत दाट राहतं आणि काठ तुटत नाही. ऑल्मस्टेड काउंटी अशा कव्हर क्रॉपसाठी, म्हणजे जमीन झाकून ठेवणाऱ्या पिकासाठी, आणि गवतासाठी शेतकऱ्यांना पैसे देते. २०१५ च्या बफर कायद्याने सार्वजनिक ओढ्या-नद्यांच्या काठाला सरासरी ५० फुटांचा गवताचा पट्टा ठेवावा लागतो. २०१९ चा भूजल संरक्षणाचा नियम नाजूक भागात फॉलमध्ये नायट्रोजन खत टाकायला मनाई करतो. पण तो नियम खताच्या पोत्यापुरता आहे, शेणखताला लागू नाही, आणि ही फट माझ्या मते सगळ्यात मोठी आहे. वीस एकरात कव्हर क्रॉप लावणाऱ्याला आपण दाद द्यायची आणि स्लरीच्या नियमासाठी सरकारला धरायचं, दोन्ही एकाच वेळी करता येतं.

भूजल सावकाश बदलतं हेही लक्षात ठेवा. सिंकहोलमधलं पाणी दोन दिवसांत येतं तसं खोल थरांतलं पाणी दहा-वीस-तीस वर्षांनी बाहेर येतं. आज वर मुळं लावली तर खालच्या झऱ्याला त्याचा फायदा आपली आत्ता प्रीस्कूलमध्ये असलेली मुलं मोठी झाल्यावर दिसेल. थांबायला वेळ नाही तो म्हणूनच.

मग करायचं काय. फीडलॉटच्या, म्हणजे गुरांच्या गोठ्यांच्या, परवानग्या, खताचे नियम, पाण्याची मानकं, या प्रत्येकावर राज्य आणि काउंटी लोकांची मतं मागवतात. मत नोंदवायला सिटिझन असावं लागत नाही, पत्ता आणि दोन परिच्छेद पुरतात. तिथे नेहमी तीच पाच-पंचवीस नावं असतात, त्यात मेयो क्लिनिकमधले डॉक्टर, नर्सेस, इंजिनिअर, आयटीवाले, म्हणजे तुम्ही, दिसलात तर ऐकणाऱ्याला फरक पडतो. बाळांचे डॉक्टर असाल तर तुमचं एक पत्र माझ्या दहा पत्रांपेक्षा जड आहे. ज्यांना मतदान करता येतं त्यांनी काउंटी कमिशनर आणि सॉइल अँड वॉटरच्या सुपरवायझरची नावं बॅलटवर खाली असतात ती रिकामी सोडू नका, या विषयात तीच माणसं ठरवतात. ट्राउट अनलिमिटेडचे स्थानिक लोक कामाचे दिवस ठेवतात, गवत पेरणं, झुडपं काढणं, कीटक मोजणं, हायस्कूलच्या मुलांना व्हॉलंटिअर अवर्स लागतात ते इथे भरा. एकदा पोरीने दगड उलटून त्याखालची मेफ्लायची अळी तळहातावर घेतली की तिला पुढे सांगत बसावं लागत नाही.

आणि मंडळांच्या कमिट्यांना थेट विनंती. गणपतीत किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात आपण स्पॉन्सरला बोलायला दहा मिनिटं देतो, यावर्षी काउंटीच्या पाण्याच्या ऑफिसमधल्या कुणाला तरी वीस मिनिटं द्या. त्यांना नायट्रेट तपासायची सोय घेऊन यायला सांगा, आणि बोअरवाल्या घरांना आपापल्या बोअरचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून आणायला आधीच कळवा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन वेळा टाका म्हणजे विसरणार नाहीत. टेबल लावायला, बाटल्यांवर नावं लिहायला मी येतो, अजून दोघं-तिघं हवेत. कोण येतंय ते कमिटीला कळवा.

आपला,
ऑल्मस्टेड काउंटीतला एक मराठी रहिवासी